लुगड्याची थैली

हिल्डा, तू गेल्यावर सगळ्यात जास्त रडली ती माझी आई, आणि ते मला अजून सहन होत नाही.

असं लिहायचं नसतं, मला कळतं. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायचं असतं. तुझ्या फ्युनरलला सगळे गोडच बोलले. तुझ्याकडे अनाथ पिल्लं सांभाळायला देणाऱ्या प्राण्यांच्या संस्थेतली ती उंच बाई बोलली, तुझा व्हेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर बोलला, बोलताना मध्येच थांबून त्याने चष्मा पुसला. आईला इंग्रजी येत नाही, त्यामुळे भाषणांतलं एक अक्षर तिला कळलं नाही, तरी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत रडत होती. मी शेजारी बसून टिश्यू पुढे करत होते आणि मनात म्हणत होते, पप्पा गेले तेव्हा तू एवढी रडली नव्हतीस. घरी येऊन मी चहा केला, तर तो तिने तुझ्या कपात घेतला. निळ्या काठाचा, टवका उडालेला. तो आमच्या घरात कधी आला हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

आई तुला पहिल्या दिवसापासून अगंतुगं करायची, म्हणून मीही करते. आणि मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत मी तुझ्याशी कधी खरं बोललेच नाही. 'नो वरीज, हिल्डा' हेच वर्षानुवर्षं कुंपणावरून म्हणत आले. वरीज पुष्कळ होत्या.

आई आली तो जुलै होता, म्हणजे इथली ऐन थंडी. पप्पा जाऊन सहा महिने झाले होते. वसईची वाडी आणि बकऱ्या भावाच्या हवाली करून मी तिला इकडे माझ्या घरी, गुंगालिनला आणलं. मुलगा सिडनीला युनिव्हर्सिटीत गेलेला, नवरा दिवसभर लॅपटॉपमध्ये, घर मोठं. मला वाटलं होतं, आता माझी आई मला मिळेल. वीस वर्षं दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर मी वसईला फोन करायची, आणि ती 'बरं आहे, तू जेवलीस का' एवढं विचारून फोन पप्पांच्या हातात द्यायची. समोरासमोर असलो की ती बोलेल, माझ्या केसांना तेल लावेल, माझ्या लहानपणचं काहीबाही सांगेल, अशी माझी समजूत होती. ती बोललीच नाही. मी संध्याकाळी लाइट रेलने घरी यायची तेव्हा ती हीटरपाशी खिडकीत बसलेली असायची. काय केलंस दिवसभर विचारलं की म्हणायची, काय करायचं. झालं, संपलं.

मग तुझी ती तांबडी कोंबडी अडली.

शनिवार होता. लॉनवर दहिवर गोठलेलं. आईने बादली उपडी घातली, तीवर चढून कुंपणावरून तुझ्या परसात पाहिलं आणि मला म्हणाली की त्या बाईच्या कोंबडीचं अंडं अडलंय, तिला सांग. मी म्हटलं, आई, इथे असं दुसऱ्याच्या घरात नाक खुपसत नाहीत. तोवर ती स्वयंपाकघरातून खोबरेल घेऊन, पायात सपाता तशाच ठेवून, आमच्या ड्राइव्हवेने उतरून तुझ्या ड्राइव्हवेने चढलीसुद्धा होती. मी मागून धावतेय. तू दार उघडलंस, तुझा तो तीन पायांचा कुत्रा लंगडत पुढे आला, आईने त्याला 'चल हट' म्हटलं आणि तो हटला. तो कुणाचंच ऐकत नसे. अर्ध्या तासाने कोंबडी गरम पाण्याच्या टबात आणि अंडं आईच्या तळहातावर. तुम्ही दोघी हसत होतात. मी मध्ये उभी राहून भाषांतर करत होते, ती म्हणतेय उबेला ठेव, ती म्हणतेय शिंपल्याचा चुरा घाल. तुम्हाला माझी गरज लागली तो पहिला आणि शेवटचा दिवस.

दुसऱ्या आठवड्यात मी पाहिलं तर तू आईशी जर्मनमध्ये बोलत होतीस. मी हसून विचारलं की तिला इंग्रजीच येत नाही तर जर्मन कुठून येणार. तू म्हणालीस, नाहीच कळणार असेल तर मग जर्मनच बरं, मला ते सोपं जातं. साठ वर्षं झाली म्हणालीस, इतकं सलग जर्मन कुणाशी बोलायला मिळालं नव्हतं, प्राणी सोडून. आणि आई तुला वसईच्या बोलीत उत्तरं देत होती. तासन्‌तास. केळीच्या बागेचं, तिच्या सासूचं, चर्चच्या सणाचं, आणखी कशाकशाचं. मी घरून काम करायची त्या दिवशी मीटिंगमध्ये स्वतःला म्यूट करून खिडकी उघडून ऐकायची. पप्पांच्या शेवटच्या आजारात ती काय काय भोगत होती ते मी असं ऐकलं, हिल्डा, कुंपणापलीकडून, तुला सांगताना. तुला त्यातला एक शब्दही कळत नव्हता आणि तू मान हलवत होतीस.

मी एकदा न राहवून आईला विचारलं, मला का नाही सांगत? ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "तुला काही सांगितलं की तू लगेच फोनवर डॉक्टर शोधतेस. तिला कळत नाही म्हणून तर बोलता येतं."

मग तू कुंपणाची एक फळी काढून तिथे फाटक बसवून घेतलंस. माझ्या नवऱ्याला विचारलंस, त्याने 'शुअर, मेट' म्हटलं. मला कुणी विचारलं नाही. ते फाटक दिवसभर उघडं असायचं आणि माझ्या डोळ्यांत खुपायचं.

आणि लुगडी. ही गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. आईने वसईहून येताना बॅगेत तीन जुनी लुगडी आणली होती, धुऊन धुऊन अगदी लोण्यासारखी मऊ झालेली. त्यातलं एक तिच्या आईचं होतं. त्यांची माझ्यासाठी गोधडी शिवणार, असं ती मला लग्न झाल्यापासून सांगत आली होती. मग तुझ्याकडे रस्त्यावर मेलेल्या आईच्या पोटावरच्या पिशवीतून काढलेलं वॉम्बॅटचं पिल्लू आलं, अंगावर केस नाही, कान चिकटलेले. आईने आधी 'हे काय डुकराचं आणलंय' म्हणून तोंड वाकडं केलं. तू तिला दाखवलंस की ह्याला कापडाच्या थैलीत ठेवायचं, थैली अंगाशी धरायची, म्हणजे त्याला वाटतं आपण आईच्या पोटाशीच आहोत. तुझ्या थैल्या जुन्या टॉवेलच्या, खरखरीत. आईने एक बोट लावून पाहिलं, घरी आली, आणि कात्री घेऊन पहिलं लुगडं फाडलं. मी कामावरून आले तेव्हा सात थैल्या तयार होत्या, लाल चौकटीच्या, काठ आत दुमडून, कोपऱ्यांना दुहेरी टाका. महिनाभरात तिन्ही लुगडी संपली. माझी गोधडी तुझ्या घरात खुंट्यांना टांगली होती आणि तिच्यात वॉम्बॅट मुतत होते.

तुझं आणि माझं एकच भांडण झालं, तेही अर्धंच राहिलं. नाताळच्या आधी. मी तुझ्या फाटकाशी आले आणि चांगल्या इंग्रजीत सांगितलं की आई थकते, आता तिला रोज बोलावू नकोस. खोटं होतं ते. आई तुझ्याकडे जायला लागल्यापासून दोन पोळ्या जास्त खात होती. तू हातातली बाटली हलवत म्हणालीस, "मी कुणालाच ठेवून घेत नाही. मी फक्त फाटक उघडं ठेवते." मी म्हटलं, ती माझी आई आहे. तू बाटली खाली ठेवलीस आणि विचारलंस, तुला एका गायीची गोष्ट सांगू का. एकोणिसाव्या वर्षी तू घर सोडून जहाज पकडायला निघालीस तेव्हा तुझी आई निरोप द्यायला अंगणात आलीच नाही. गोठ्यात गायीचं दूध काढत बसली, कपाळ तिच्या कुशीला टेकवून. तू दारात उभी होतीस, तिने मान वळवली नाही. "त्या गायीचा मला इतका हेवा वाटला," तू म्हणालीस, "की जहाजावर पाच आठवडे मी दूध प्यायले नाही." आणि हसलीस. मला वाटलं तू माझी टर उडवतेस. मी निघून आले. पुढे काय सांगणार होतीस ते ऐकायला मी थांबले असते तर, असं या आठवड्यात कितीदा मनात आलं. तुझी आई पुन्हा तुला भेटलीच नाही, हे मला फ्युनरलच्या दिवशी त्या उंच बाईकडून कळलं.

आता ते सांगते, जे तुला सांगायचं राहून गेलं.

मार्चमध्ये तुझी डोळ्यांची अपॉइंटमेंट होती. आई तुझ्यासोबत गेली. तिथे ती काय करणार होती कुणास ठाऊक, तुझा हात धरायला गेली. मी घरून काम करत होते, म्हणून दुपारची दोनची बाटली माझ्याकडे आली. तेव्हा तुझ्याकडे तो बटाट्या होता, वॉम्बॅटचंच पिल्लू. तू त्याला क्नोडल म्हणायचीस, उकडलेल्या बटाट्याचा गोळा असा अर्थ सांगितलास, म्हणून आईने सरळ बटाट्या केलं. तू मला सगळं दाखवून गेलीस, डब्यातली पावडर किती, कोमट पाणी किती, दुसरं काहीही द्यायचं नाही. मी थैली मांडीवर घेतली. माझ्या आज्जीचं लुगडं. बाटली तोंडाशी नेली. त्याने तोंड फिरवलं. मी आईसारखं बोलून पाहिलं, तुझ्यासारखं गुणगुणून पाहिलं. तो नाकाने फुसफुसला आणि थैलीत खोल गेला. तुम्हा दोघींकडून घटाघटा पिणारा तो माझ्याकडून एक थेंब घेईना. तुला हसू येईल, पण त्या दोन किलोच्या प्राण्याने मला नको म्हटलेलं मला फार लागलं.

मग मी घरी गेले आणि फ्रिजमधलं आपलं दूध तापवलं. साखर घातली, चिमूटभर हळद घातली. माझा मुलगा लहानपणी दूध पीत नसे तेव्हा आई फोनवर सांगायची, हळद-साखर घाल, कसा पीत नाही बघते. मुलगा प्यायचा. बटाट्याही प्याला. शेवटपर्यंत प्याला, माझ्या अंगठ्याला पुढचे पाय लावून. मी त्या क्षणी इतकी सुखात होते की तुमची गाडी परत येऊच नये असं मला वाटलं. तुम्ही आलात तेव्हा मी बाटली विसळून ठेवली होती. प्याला का विचारलंस. मी म्हटलं, सगळं.

दोन दिवसांनी त्याचं पोट बिघडलं. गायीचं दूध त्यांना पचत नाही, हे मी नंतर वाचलं, आधी वाचायला हवं होतं. व्हेटने सलाइन लावलं. पाचव्या दिवशी दुपारी तो आईच्या मांडीवर गेला. आई माळ जपत होती, ती मध्येच थांबली तेव्हा मला कळलं.

संस्थेची उंच बाई चौकशीला आली. मी कुंपणाच्या अलीकडे कपडे वाळत घालत होते. तू तिला म्हणालीस की चूक तुझी झाली, डोळ्यांना नीट दिसत नाही, पावडरचं माप चुकलं असणार. मी हातात ओला शर्ट धरून उभी होते. चार पावलांवर फाटक होतं, उघडं. मी तो शर्ट दोरीवर टाकला आणि चिमटा लावला. त्यांनी ठरवलं की यापुढे तुला दूधपिती पिल्लं द्यायची नाहीत. तुला त्यांनी फार प्रेमाने सांगितलं, आणि तू 'ऑफ कोर्स, ऑफ कोर्स' म्हणालीस. एका म्हातारीला तिचे डोळे गेले असं मी वाटू दिलं. तुझ्या हातून ते काम गेलं ते माझ्यामुळे.

आणि आता यातलं सगळ्यात वाईट ऐक. त्यानंतर आई तुझ्याकडे जायची बंद झाली. पंधरा दिवस. फाटक तुझ्या बाजूने लावलेलं. मला वाटलं, बटाट्या गेला म्हणून ती तुझ्यावर रागावली. मला आनंद झाला, हिल्डा. मी ऑफिसातून लवकर यायची. ती ओट्याशी उभी राहून तांदळाच्या भाकऱ्या थापायची आणि माझ्याशी बोलायची. माझा जन्म झाला त्या दिवशी वाडीत पाणी कसं शिरलं होतं, माझ्या आत्याने माझं नाव काय सुचवलं होतं, पप्पांनी तिला पहिल्यांदा कुठे पाहिलं. एका रविवारी तिने मला खाली बसवलं आणि डोक्याला तेल लावलं. पन्नाशीची बाई मी, तिच्या गुडघ्यांत डोकं घालून बसले आणि मनात म्हटलं, जिंकले. एका पिल्लाचा जीव गेला होता, तुझं काम गेलं होतं, आणि मी जिंकले म्हणत होते. सोळाव्या दिवशी फाटक उघडलं आणि ती पुन्हा तुझ्याकडे जायला लागली. पण त्या पंधरा दिवसांवर मी पुढचे महिने काढले. ते माझे होते. तिने तुला सोडून मला निवडलं होतं, असं मी धरून चालले होते.

जूनमध्ये एका सकाळी तुझ्या कोंबड्या उशिरापर्यंत ओरडत राहिल्या. आई गेली आणि लगेच परत आली. तिला काही सांगावं लागलं नाही, तोंड पाहूनच मला कळलं. डॉक्टर म्हणाले झोपेतच गेलीस. तीन पायांचा कुत्रा पलंगाखालून निघायला तयार नव्हता, आईने 'चल' म्हटलं तेव्हा निघाला. आता तो आमच्याकडे आहे. माझ्याकडे पाहतही नाही.

काल संस्थेची माणसं तुझे पिंजरे, दिवे, बाटल्या न्यायला आली. गाडी भरत होती आणि आई फाटकाशी उभी होती. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच नाही. तुला तर सांगायचं राहिलंच. गाडी गेल्यावर मी तिला बाकावर बसवलं आणि म्हटलं, "आई, बटाट्याला मी घरचं दूध दिलं होतं. हळद घालून."

ती तुझ्या अंगणाकडे बघत म्हणाली, "ठाऊक आहे. बाटलीचं रबर पिवळं झालं होतं."

मी विचारलं, हिल्डाला?

"तिनंच मला दाखवलं."

मग तिने सांगितलं, तिच्या पद्धतीने, थांबत थांबत. बटाट्या गेला त्या संध्याकाळी तू ते पिवळं रबर तिच्यापुढे धरलंस. ती रागाने लाल झाली, आमच्या घराकडे निघाली मला फाडून खायला. तू तिचा दंड धरलास. खुंटीवरून एक रिकामी थैली काढलीस, लुगड्याची, आणि तिच्या गळ्यात अडकवलीस, पिल्लू असतं तशी पोटाशी. मग बोट आमच्या किचनच्या खिडकीकडे केलंस. मी तिथे भांडी घासत होते, तिला दिसत होते. तू तिला खांद्याला धरून वळवलंस, फाटकाबाहेर काढलंस आणि आतून कडी घातलीस. ती दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली, तू कडी काढली नाहीस. काचेतून हात हलवायचीस आणि पुन्हा आमच्या खिडकीकडे बोट करायचीस.

"मला वाटलं तू तिच्यावर रागावून माझ्याकडे आलीस," मी म्हटलं.

"तिच्यावर का रागावू? तिनं पाठवलं म्हणून आले," आई म्हणाली. मग म्हणाली, "आल्यावर मग बरं वाटलं."

तर हिल्डा, तेही तुझंच. माझ्या नावावर आईचे पंधरा दिवस होते, तेही तू दिलेले निघाले. मी तुझं पिल्लू मारलं, तुझं काम घालवलं, आणि तू दाराला कडी घालून एकटी आत बसलीस, का तर मला माझी आई मिळावी. तुझे डोळे ठीक होते. तू मला माफ केलंस असं म्हणायचीसुद्धा सोय नाही, कारण तू तसं काही बोललीच नाहीस. आभार मानते. मनापासून मानते. आणि तरीही तुझा हेवा वाटतो, आता जास्तच वाटतो, कारण एवढं मोठं मन मला कधी जमायचं नाही आणि आईला ते माहीत आहे.

ती थैली आईच्या उशाखाली होती. काल तिने ती काढून माझ्या हातात दिली. लाल चौकटी, दुहेरी टाका, आणि धुऊनही न गेलेला वॉम्बॅटचा वास. आज सकाळी तिने ती परत मागितली, तुझी आठवण म्हणून. मी दिली नाही. ती माझी आहे, हिल्डा. तूच पाठवली होतीस.